दारातलं रान

तुंगार्ली, लोणावळा
१० मे १९६४

ती. आत्याबाईंना रतनचा जयभीम.

पत्र माझं आहे हे कळल्यावर तुम्ही "ठेव बाजूला" म्हणाल की "वाच" म्हणाल, मला माहीत नाही. जे कोणी वाचून दाखवत असेल त्यांना विनंती, जरा सावकाश आणि मोठ्याने वाचावं. आत्याबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्या ते कबूल करत नाहीत.

माझी बदली यंदा तुंगार्लीच्या शाळेत झाली. शाळा तळ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर आहे. शाळेमागेच राहायला खोली मिळाली. जेवणखाण, प्रकृती, सगळं बरं आहे. माझी काळजी नसावी. केलीत तर बरं वाटेल, पण नसावी.

लिहिण्याचं कारण असं. शाळेपुढे ऐसपैस अंगण आहे, पण त्यात झाड म्हणून नाही. नुसता मुरूम. कुंपण नसल्यामुळे गुरं वर्गात डोकावतात आणि पोरांचं पाढ्यांवरचं लक्ष उडतं. शाळा समितीचे दत्तोबा म्हणून एक किराणा दुकानदार आहेत, माणूस भला आहे. त्यांनी एका बंगल्याच्या माळ्याकडून क्रोटनच्या कुंड्या आणि गुलाबाची कलमं आणून दिली. गेल्या साली आणलेले गुलाब पावसात कुजून गेले, असं आधीचे मास्तर सांगत होते. आत्याबाई, इथला पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्या गावी, सुदुंबऱ्याला पडतो तो पाऊस. इथं पडतं त्याला दुसरं काहीतरी नाव पाहिजे.

मला वाटलं, या डोंगरावर आपसूक वाढतं तेच अंगणात लावावं. करवंद, निरगुडी, पांगारा, जांभूळ, भारंगी. ते या पावसाला भ्यायचं नाही. पण लावायचं कसं? पोरांना झाडांची नावं पाठ आहेत, लावायला कुणालाच येत नाही. रानात कोण कशाला लावील? तुम्ही मात्र लावलं होतं. परड्याला करवंदाचं कुंपण केलंत तेव्हा वस्तीतल्या बायका हसल्या होत्या. ते बी कसं रुजवलंत, तेवढं कळवा.

आणखी एक. पंचांपुढे माझी काडीमोड झाली, त्याच आठवड्यात तुम्ही मला तळेगाव स्टेशनावर पुण्याच्या गाडीत बसवून दिलंत. मूल होत नाही म्हणून तुमच्या लेकानं दुसरी करायचं काढलं, त्याला तुम्ही "कर" म्हणालात. आणि मला म्हणालात, "माहेरी जाऊ नगं. तितं गेलीस का चूल आन शेण. सातवीची फायनल पास हायेस, मास्तरीन हो." ही दोन्ही बोलणी एकाच तोंडातून कशी निघाली, ते मला अजून उलगडलेलं नाही. पण दुसरं निघालं नसतं तर मी आज शाळेत बाई झाले नसते. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते. तेव्हा गाडी सुटली.

तुमची,
रतन

*

तुंगार्ली
४ जून १९६४

ती. आत्याबाईंना जयभीम.

तुमचं उत्तर आलं. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

अक्षर फार नीट आहे. कोणाचं ते ओळखलं. माझ्यामागून त्या घरात आलेल्या, पत्र लिहून देणाऱ्या शालूबाईंना माझा नमस्कार. हे वाक्य त्यांनी गाळू नये.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. "करवंदाचं बी वाळवायचं न्हाई. ओलं हाय तवरच शेनमातीत दाबायचं. वाळलं का मेलं." हे तुमचे शब्द मी फळ्यावर लिहिले. मग सबंध वर्गानं करवंदं खाल्ली आणि बिया डालड्याच्या डब्यांत, फुटक्या माठांत लावल्या. इतकी शिस्त मी वर्गात कधी पाहिली नव्हती. तोंडं मात्र सगळ्यांची जांभळी. जांभळं येतील तेव्हा त्यांच्या बियाही अशाच लावू. पांगाऱ्याच्या काठ्या नुसत्या रोवल्या, निरगुडीच्या फांद्या लावल्या.

वर ठाकरवाडी आहे. तिथली पोरं पटावर आहेत, शाळेत नसतात. सावळा नावाचा एक पोरगा बियांच्या निमित्ताने यायला लागला, तशी त्याची आजी बायडाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, पोरगं शाळंत धाडलं तर तुमी त्याला करवंदं गोळा कराया लावता. मंग त्ये माझ्याकडं काय वायीट हुतं?"

मी तिला आत बोलावलं आणि चहा दिला. जाताना तिने सगळे डबे पाहिले आणि तीन डब्यांतलं पाणी ओतून टाकलं. "पानी लय झालंय. भोकं पाडा," म्हणाली.

रतन

*

तुंगार्ली
२५ सप्टेंबर १९६४

ती. आत्याबाईंना जयभीम.

दोन महिने पत्र नव्हतं, म्हणून तुम्ही विचारलंत. मधे एका कार्डावर "प्रकृती ठीक" एवढंच लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. श्रावणात हिवतापाने आडवी झाले होते. शाळा बंद, दार बंद, आणि हाक मारायला कोणी नाही. पोरं दाराशी येऊन परत गेली असतील, त्यांच्याकडून बायडाबाईला कळलं. ती आली आणि राहिली. पेज करून घातली. ताप उतरला तेव्हा करटुल्याची भाजी करून आणली. त्या चार करटुल्यांसाठी ती भल्या पहाटे निघून डोंगरापलीकडे जाऊन आली होती.

मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला गेलीस?"

म्हणाली, "जवळ कुटं ऱ्हायलंय काय? मी नवी नवरी हुते तवा दारामागं करटुल्याचे येल हुते. समदं कोळशाच्या भट्टीत गेलं. आता रान लांब जातंया आन आमी त्याच्या मागनं पळतो."

आत्याबाई, अंथरुणात पडल्या पडल्या मी त्याच बोलण्याचा विचार करत होते. मी शाळेचं कुंपण करायला निघाले होते. कुंपण कसलं घेऊन बसले होते मी? यांच्या दारात पुन्हा रान आणायला पाहिजे.

म्हणून उठल्याबरोबर रविवारचा वर्ग काढला. बायकांसाठी. पहिल्या रविवारी तिघी आल्या, त्यातली एक पावसाला आडोसा म्हणून. आता व्हरांडा भरतो. तुंगार्लीच्या येतात, रेल्वेच्या खोल्यांतल्या येतात, ठाकरवाडीच्या मागे बसतात आणि जास्त बोलतात. कुठलं बी ओलं लावायचं, कुठलं भिजवून, कशाची फांदी लागते, कंद काढताना आईकंद जमिनीत कसा ठेवायचा, म्हणजे पुढच्या साली वेल पुन्हा येतो. माझ्यापाशी तुमची पत्रं आहेत, त्यांच्यापाशी त्यांचं आहे. एकमेकींच्या चुका काढतात. तुमचीही एक निघाली. हिरड्याचं बी तुम्ही सांगितलंत तसं लावलं, एकही उगवलं नाही. बायडाबाई म्हणते, "तुमच्या सासूला म्हनावं, बी फोडून लावायचं अस्तं." मी तिला म्हटलं, "आता त्या माझ्या सासू नाहीत." ती म्हणाली, "मंग पत्र कुनाला लिवता?"

शेळ्यांनी जांभळाची अर्धी रोपं खाल्ली. करवंद मात्र उगवलं आहे, बोटभर, चकचकीत पानाचं.

तुमची रतन

*

तुंगार्ली
१८ जुलै १९६५

ती. आत्याबाईंना जयभीम.

मागच्या पत्रात मी रोपवाटिकेबद्दल फुशारकीने लिहिलं होतं. आता पुढचं ऐका.

शाळा पाहायला मोठे साहेब येणार असा कागद आला. दत्तोबा आले, अंगणात फिरले. डबे, माठ, बांबूची नळकांडी, त्यांत दाटीने उभी असलेली रोपं, कडेने पांगारा फुटलेला, भारंगीची रुंद पानं, करटुल्याचा वेल खिडकीच्या गजांत शिरलेला. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, लोक रान तोडून शाळा बांधतात, तुम्ही शाळेत रान घातलंत. साहेब काय म्हणतील? सोमवारपर्यंत सगळं साफ करून घ्या. मी क्रोटनच्या कुंड्या पाठवतो."

मी सांगून पाहिलं. वाद घातला. ते चिडले नाहीत, हीच अडचण. ते मनापासून म्हणत होते, "तुमच्या नोकरीला डाग लागू नये म्हणून सांगतोय."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नोकरी गेली तर जायचं कुठं, हे मला नेमकं माहीत आहे. कुठंच नाही. म्हणून, खोटं कशाला सांगू, मी मनाशी कबूल करून टाकलं की रोपं उपटायची.

रविवारी वर्गात बायकांना तसं सांगितलं. मग बायडाबाई उठली. पदर खोचला, इरलं डोक्यावर घेतलं आणि अंगणात जाऊन दोन डबे उचलले. म्हणाली, "टाकून कशाला देता? आमच्या लेकरांनी लावल्याली हायेत. आमी घरला नेतो."

आत्याबाई, तो देखावा तुम्ही पाहायला हवा होता. धो धो पाऊस, आणि एकामागून एक बायका निघाल्या आहेत. कुणाच्या पाटीत, कुणाच्या कडेवर, कुणाच्या पोटाशी धरलेली रोपं. रेल्वेच्या खोल्यांतल्या भामाबाईने तर पोर नवऱ्याकडे दिलं आणि जांभळाचा माठ कडेवर घेतला. दोन-दोन, तीन-तीन खेपा केल्या. दुपारपर्यंत अंगण धुतल्यासारखं मोकळं झालं. मी एकटी मधे उभी होते, आणि रडत होते की हसत होते, ते पावसात मलाही कळलं नाही.

साहेब आले, क्रोटन पाहून गेले. मुलांना कविता विचारली. दत्तोबा खूश झाले.

आणि मी संध्याकाळी ठाकरवाडीला गेले तर प्रत्येक झोपडीच्या दारात खड्डा खणलेला. शेळ्यांपासून वाचवायला काटेरी फांद्या टाकलेल्या. शाळेच्या अंगणात जी रोपं दाटीत जगली असती, ती आता सगळ्या तुंगार्लीभर पसरली. हे मी ठरवून केलं असतं तर मला जमलं नसतं. मी फक्त हरले होते, बाकीचं त्यांनी केलं.

तुमची
रतन

*

तुंगार्ली
७ नोव्हेंबर १९६५

सौ. शालूबाईंना रतनचा जयभीम.

हे पत्र तुमच्या एकटीसाठी आहे. आत्याबाईंना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्यांच्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात तुम्ही चार ओळी घातल्यात. "ताई, त्यांना आता दिसेनासं झालंय, तुमचं पत्र आलं की त्या दोन घास जास्त खातात. मला पण मूल नाही. इथं तिसरीची बोलणी चालली आहेत. मी कुठं जाऊ?"

तुम्ही माझ्याशी खरं बोललात, म्हणून मीही खरं लिहिते. ते वाचल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला. दोष माझ्यात नव्हता तर! तव्यावरची भाकरी जळून वास येईपर्यंत तो आनंद टिकला. मग भाकरी उतरवली, तुमचं अक्षर पुन्हा पाहिलं, आणि मला तळेगावचं स्टेशन आठवलं. दुसऱ्या बाईला तिथं उभं राहायला लागावं, असं मला आजही वाटत नाही, आणि ती बाई तुम्ही असलात तर मुळीच नाही. दीड वर्ष माझे शब्द तुमच्या तोंडून त्या घरात गेले. त्यातला एकही तुम्ही गाळला नाहीत, हे आत्याबाईंच्या उत्तरांवरून मला कळत होतं. मनात आणलं असतंत तर पहिलंच पत्र चुलीत गेलं असतं. तुमचे उपकार आहेत.

तुम्ही विचारलंत, कुठं जाऊ. इथं या. खोली लहान आहे, दोघींना पुरेल. तुमची सातवीची परीक्षा राहिली असेल तर इथून देता येईल. रविवारच्या वर्गाला लिहिता येणारी बाई पाहिजेच आहे, बायका आता बी-बियाणं मागत पार बेडसे गावापासून येतात आणि मला एकटीला झेपत नाही.

इकडची गंमत सांगते. दत्तोबांचे क्रोटन गुरांनी पाडले. परवा ते स्वतः आले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "बाई, तो तुमचा पांगारा... काठ्या मिळतील का? आमच्या परसाला कुंपण नाही." मी त्यांना बायडाबाईकडे पाठवलं. तिने काठ्या दिल्या आणि त्यांच्याकडून खड्डेही खणून घेतले.

तुमची वाट पाहते.

रतन

*

तुंगार्ली
२० जून १९६६

ती. आत्याबाईंना रतनचा आणि शालूचा जयभीम.

तुम्ही सुखरूप पोचलात, हे कार्डावरून कळलं. कार्डावरचं अक्षर ओळखीचं आहे. म्हणजे हे पत्रही तुमचे लेक गोरखरावच वाचत असणार, घरात दुसरं वाचणारं आता कोण आहे? नाव घेऊन लिहिते आहे. आता चालतं. गोरखराव, कारखान्यातून दमून आला असाल, तरी आत्याबाईंच्या उजव्या बाजूला बसून वाचा. आणि मधे थांबू नका.

आत्याबाई, मी फक्त शालूची वाट पाहत होते. पौषात गाडीतून तुम्ही दोघी उतरलात, शालूचा हात धरून तुम्ही, की तुमचा हात धरून शालू, ते फलाटावर मला कळेना. तुम्ही हवेत हात फिरवत माझं तोंड शोधलंत आणि म्हणालात, "वाळलीस गं." इतक्या वर्षांनी तेवढंच म्हणालात. मला पुरलं.

पाच महिने तुम्ही इथं होतात, ते मला जन्मभर पुरतील. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तर पान चुरगळून, हुंगून तुम्ही झाड सांगायचात, आणि चुकलात की बायडाबाई अशी हसायची की तिला ठसका लागायचा. तुमची दोघींची हिरड्यावरून भांडणं लागली की पोरं पाटी टाकून ऐकायला यायची. यंदा तिच्या पद्धतीनं फोडून लावलेलं बी उगवलं, हे कळवायला मला वाईट वाटत आहे. ती ते रोप प्रत्येकाला दाखवते.

एक गोष्ट लिहूनच ठेवते. चैत्रात एका संध्याकाळी ओट्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, की आत्याबाई, तुम्ही त्याला "कर" कसं म्हणालात, आणि मग मला गाडीत का बसवलंत? तुम्ही म्हणालात, "तवा लेकाला न्हाई म्हनायची ताकद न्हवती. तुला गाडीत बसवायची हुती. जेवडी हुती तेवडी वापरली."

आता तुमची ताकद वाढली आहे हे आम्ही दोघींनी ऐकलं. परत गेल्यावर तिसरी म्हणून पाहिलेल्या मुलीच्या बापाला तुम्ही वस्तीत सगळ्यांसमोर सांगितलंत म्हणे, "दोन सुना आनल्या, दोगी धडधाकट. पोरगी देयाची तर इचार करून द्या." ते लोक आल्या वाटेने परत गेले. गोरखराव, तुम्हाला ते लागलं असणार. तरी सुद्धा त्याच आईपाशी बसून तुम्ही आज तिच्या सुनेचं पत्र वाचता आहात. हे काही थोडं नाही. एवढं वाचून मग पाणी प्या.

आत्याबाई, तुम्ही परत गेलात, याचा मला राग नाही. शालू रडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "घर माझं हाय. म्या कशाला सोडू? ज्यानं चूक केली त्यानं लाजावं, म्या न्हाई." तेव्हा तुम्हाला थांबवण्यात अर्थ नव्हता.

शालू बरी आहे. परीक्षेचा निकाल यायचा आहे, पास होईल. रविवारचा वर्ग आता तीच घेते. मी मागे ठाकरवाडीच्या बायकांत बसते आणि जास्त बोलते. कालच्या वर्गाला रोपं न्यायला आलेल्या बायकांची रांग तळ्याच्या बांधापर्यंत गेली होती. रोप नेताना एकच अट: पुढच्या साली त्याचं बी किंवा फांदी दुसऱ्या घराला द्यायची. ही अट भामाबाईने घातली, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला तीच दारोदार हिंडते. आता भाजीला करटुली लागली तर बायडाबाई डोंगरापलीकडे जात नाही. झोपडीमागे जाते.

नवीन बातमी. तुमच्या सुदुंबऱ्याच्या शाळेचे मास्तर इथं येऊन गेले. तिकडे कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी पुष्कळ जुनी झाडं तोडली, आणि शाळेचं अंगण उघडं पडलं. त्यांनी रोपं मागितली. नुसती रोपं नेऊन उपयोग नाही, आम्ही दोघी येऊन लावायला शिकवू, असं मी कबूल केलं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. बायडाबाईही येते म्हणते. तिने अजून सुदुंबरं पाहिलेलं नाही आणि तिला हिरडा दाखवायचा आहे.

आम्ही घरी येणार नाही. शाळेत येणार. त्या दिवशी वस्तीतल्या आणि गावातल्या बायका एकाच अंगणात बसतील, आणि लावायचं कसं, ते त्यांना पहिल्यांदा कोणी सांगायचं असेल तर ते तुम्ही. माझी नोकरी, माझी खोली, हा वर्ग, शालू, सगळं तुमच्यापासून सुरू झालं. हे मी शनिवारी सगळ्यांपुढे बोलणार आहे. तुम्ही "गप गं" म्हणाल, तरी बोलणार आहे.

वाट खडबडीत आहे आणि तुम्हाला दिसत नाही, तेव्हा शाळेपर्यंत कोणीतरी हात धरून आणायला लागेल. जो आणील त्याने दाराबाहेर उभं राहू नये. आत यावं. खड्डे खणायला माणसं कमीच आहेत.

तुमच्या,
रतन आणि शालू